भाषा, सत्ता आणि आपण कोण: पुण्यात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात भाषाविज्ञान शिकवते. वर्गात प्रश्न कमी येतात, पण सोसायटीच्या गणपतीत, लायब्ररीतल्या गप्पांत, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक गाठून विचारतात, आणि बहुतेकदा थोडे चिडलेले असतात. प्रश्न तेच तेच असतात म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवतेय. क्रम असा काही नाही, ज्याला जे हवं ते वाचा.

भाषेत सत्ता कुठून आली? भाषा तर बोलायला असते ना?

बोलायलाच असते, पण कोणाशी बोलताना कोण आपली भाषा बदलतं हे एक दिवस लक्ष ठेवून बघा. हिंजवडीत ऑफिस, मॅनेजर हैदराबादचा, टीममधले निम्मे मराठी, तरी मीटिंग इंग्रजीत. त्याच टीममधली मुलगी खाली गेटवर वॉचमनशी हिंदीत बोलते, आणि वॉचमन वयाने तिच्या वडलांएवढा असला तरी त्याला ‘तुम’ म्हणते, मॅनेजरशी हिंदीत बोलायची वेळ आली तर मात्र ‘आप’. वॉचमन फोनवर गावाकडे मैथिलीत बोलतो. घरी पोळ्या करायला येणाऱ्या मावशी कलबुर्गीकडच्या, आपसांत कन्नड, आपल्याशी मराठी. यात प्रत्येक ठिकाणी कोणीतरी आपली भाषा बाजूला ठेवतंय, आणि बहुतेक वेळा ज्याला समोरच्याकडून काम, पगार किंवा सही हवी असते तोच ठेवतो. मॅनेजरला पुण्यात दहा वर्षं राहून मराठी नाही आली तरी चालून जातं, पोळीवाल्या मावशींना तेवढी चैन परवडत नाही. मी विद्यार्थ्यांना एवढंच सांगते, कोण कोणासाठी भाषा बदलतंय ते बघत जा, बाकीची थिअरी नंतर वाचा.

प्रमाण मराठी पुण्याचीच का? कोणी ठरवलं हे?

एका माणसाने ठरवलं नाही, पण नावं-सालं सांगता येतात. १८१८ ला पेशवाई बुडाली, १८२१ ला इंग्रजांनी विश्रामबागवाड्यात संस्कृत कॉलेज काढलं, पेशवे ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटायचे त्याच पैशातून. राज्य चालवायचं तर कारभाराला मराठी हवी, म्हणून कोश, व्याकरण, शाळेची पुस्तकं अशी कामं निघाली. मोल्सवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची, आणि शब्द योग्य की अयोग्य, शिष्ट की गावठी, हे सांगायला बाजूला बसले होते ब्राह्मण शास्त्री. त्या कामातला दुसरा मोठा माणूस मेजर कँडी, तो पुण्याच्या कॉलेजचा प्रमुख आणि सरकारी भाषांतरकारही, म्हणजे शाळेत जाणारं मराठी त्याच्या नजरेखालून जायचं. आपण आज मराठीत जो स्वल्पविराम देतो त्याचं श्रेयही बरंचसं त्यालाच देतात.

आता साखळी बघा. शास्त्र्यांच्या घरातली बोली कोशात गेली, कोशातली पुस्तकात, पुस्तकातली शाळेत, आणि शाळा शिकलेला कचेरीत चिकटला. त्या बोलीत काही जास्त गोडवा होता किंवा व्याकरण जास्त पक्कं होतं म्हणून हे झालं नाही, ती छापखान्याच्या आणि कचेरीच्या जवळ होती म्हणून झालं. हेच सगळं नागपूरकर भोसल्यांच्या दारात घडलं असतं तर आज सदाशिव पेठेतली पोरं ‘करून राहिलो’ म्हणायला क्लास लावून शिकली असती.

आणि याला विरोधही पुण्यातच झाला, हे सांगायचं राहून जातं. जोतीराव फुले मिशनच्या शाळेत शिकलेले, पुस्तकी मराठी त्यांना येत नव्हती असं कोणी म्हणू नये. तरी त्यांनी कुणब्याच्या तोंडची भाषा छापून आणली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्यांच्या व्याकरणाची यथेच्छ टिंगल केली, म्हणजे मुद्द्याला उत्तर देण्याआधी भाषेची चूक काढायची, ही ट्रिक सोशल मीडियाच्या बरीच आधीची आहे. १८८५ ला पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरली, फुल्यांना बोलावणं आलं, त्यांनी ते नाकारलं. जे आम्हाला माणसाचे हक्क द्यायला तयार नाहीत त्यांच्या सभांशी आमच्या सभांचा मेळ बसत नाही, असा त्यांच्या पत्राचा सूर होता.

म्हणजे शुद्ध-अशुद्ध असं काही नसतंच? मग शाळेत मार्क का कापतात?

लिहिण्याचे नियम असतात आणि ते असणं सोयीचं आहे. आज आपण जे पाळतो (किंवा पाळत नाही) ते मराठी साहित्य महामंडळाचे, १९६२ ला चौदा नियम आले, १९७२ ला आणखी चार. आधी नाकात न बोलताही अनुस्वार द्यावा लागायचा तो त्यांनी काढून टाकला, ते चांगलंच केलं. पण हे नियम कागदावरच्या लिखाणाचे आहेत. त्यांच्या हिशोबाने हे जे मी ‘असं केलं, तसं झालं’ लिहितेय ते फक्त बोलताना किंवा गोष्टीतल्या पात्राच्या तोंडी शोभतं, लेख लिहायचा तर ‘असे केले’. आता एवढा लेख वाचताना तुमचं काय अडलं?

घोळ कुठे होतो, तर लिहिण्याचा नियम घेऊन लोक बोलण्यावर चालून जातात, आणि बोलण्यावरून थेट माणसावर. ‘अशुद्ध बोलतो’ पासून ‘अडाणी आहे’ पर्यंत जायला पाव सेकंद लागतो. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर वहीत लाल खूण करा की, पण पोरगं वर्गात ‘म्या केलं’ म्हणालं तर ती चूक नाही, ते त्याच्या घरचं व्याकरण आहे आणि ते नियमाने चालतं.

मी बीडचा. एमपीएससीसाठी पेठेत रूम घेऊन राहतो. बोललं की लोक हसतात, मॉक इंटरव्ह्यूला पण सर म्हणाले भाषा सुधार. बदलू का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, नावं आणि गावं फक्त बदलतात, कधी बुलढाणा कधी नंदुरबार.

आधी हसण्याचं बघू. पुण्यात सगळ्यात जास्त पकडला जातो तो ‘न’ आणि ‘ण’. वऱ्हाडात, खानदेशात, कोकणच्या बऱ्याच भागात ‘पानी, कोन’ असंच बोलतात, आणि तेवढ्यावर माणसाचं गाव, जात, शिक्षण सगळं ठरवून मोकळे होतात लोक. बरं, ‘ण’ जास्त जुना म्हणून जास्त शुद्ध असं कोणी म्हणालं तर त्याला सांगा की मराठीची जी आजी, महाराष्ट्री प्राकृत, तिच्यात तर ‘नगर’चंही ‘णयर’ व्हायचं, मग चला, ‘णगरपालिका’ म्हणूया. वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, तोही सगळीकडे एकसारखा होतो, मनाला येईल तसा नाही.

हे फक्त आपल्याकडचं नाही. विल्यम लबॉव्ह नावाच्या भाषावैज्ञानिकाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत जाऊन एक भारी साधा प्रयोग केला. एक दुकान श्रीमंतांचं, एक मधल्यांचं, एक स्वस्तातलं. तिथल्या नोकरांना मुद्दाम अशी वस्तू कुठे मिळेल विचारायचं की उत्तर ‘चौथ्या मजल्यावर’ असंच येईल, कारण ‘फोर्थ फ्लोअर’ या इंग्रजी शब्दांत दोनदा असा ‘र’ येतो, जो तिथे काही जण उच्चारतात आणि काही गाळतात. दुकान जितकं महागडं तितका नोकरांच्या तोंडी ‘र’ जास्त. पगार म्हणावा तर सगळ्यांचाच बेताचा, पण गिऱ्हाईक ज्या थरातलं त्या थराचा उच्चार नोकराच्या जिभेवर.

आता बदलू का. माझं खरं मत सांगते, इंटरव्ह्यूपुरती प्रमाण भाषा शिकून घ्या, चांगली शिका, कारण पॅनेलवरचा माणूस तुमच्यासाठी लगेच बदलणार नाही आणि पोस्ट तुम्हाला हवीये. पण ही एक जास्तीची भाषा शिकतोय असं समजून शिका, सुधारतोय म्हणून नको. सुधारणारा माणूस गावी फोनवर बोलताना पण हळू आवाजात बोलायला लागतो, मी पाहिलंय, रूममेट समोर असला की बाहेर गॅलरीत जाऊन आईशी बोलणारी पोरं. आणि एक गंमत, अधिकारी झाल्यावर पोस्टिंग तालुक्याला मिळतं, तिथे समोर आलेला माणूस ‘लई दिस झाले साहेब’ म्हणतो, तेव्हा पेठेतली मराठी कामाला येत नाही.

मी कोल्हापूरची. ‘मी येतो, मी जातो’ म्हणते तर हॉस्टेलवर मला ‘तो’ म्हणून चिडवतात.

कोल्हापूर-सांगली भागात बायका-मुली ‘मी आलो, मी करतो’ म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्या म्हणतात आणि त्याने कोणाचं बाईपण कमी झालेलं नाही. ‘मी’ला बाईचं वेगळं क्रियापद हवंच असं भाषेत काही नसतं, ‘आम्ही येतो’ म्हणताना पुण्याच्या बायका तरी कुठे वेगळं म्हणतात? चिडवणाऱ्यांना एवढंच विचारा.

बोली आणि भाषा यातला फरक काय? अहिराणी बोली आणि कोकणी भाषा, असं का?

भाषाविज्ञानाकडे याची काटेकोर फूटपट्टी नाही, आणि हे ऐकून लोक नाराज होतात. कोकणीचंच घ्या. कित्येक वर्षं मोठमोठे विद्वान ती मराठीची बोली म्हणून सांगायचे. १९७५ ला साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र भाषा मानलं, १९८७ ला ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२ ला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे घटनेने मानलेल्या भाषांच्या यादीत, गेली. या सगळ्या काळात मडगावच्या बाजारात बोलणारे जसे बोलत होते तसेच बोलत होते. मागे राज्य उभं राहिलं, एवढा फरक पडला.

आठवी अनुसूची १४ भाषांनी सुरू झाली, आता २२ आहेत. २०११ च्या जनगणनेत संस्कृत मातृभाषा सांगणारे पंचवीस हजारांच्या आत आहेत, ती यादीत आहे. भिली सांगणारे एक कोटीच्या वर, आपल्या नंदुरबार-धुळ्याकडचे लोक त्यात आले, ती यादीत नाही. संस्कृत असू नये असं माझं म्हणणं नाही, पण डोकी मोजून यादी झालेली नाही एवढं तरी दिसतंय ना.

मोजणीचं पण राजकारण असतं. जनगणनेत माणूस जे सांगतो ते तसंच्या तसं छापून येत नाही, हजारो नावं येतात, त्यांची छाननी होऊन त्या वेळी १,३६९ मातृभाषा उरल्या, त्या पुन्हा १२१ भाषांच्या खाली घातल्या, आणि दहा हजारांपेक्षा कमी लोक असले तर नावानिशी दिसतच नाही, ‘इतर’मध्ये जातं. हिंदीच्या खात्यात भोजपुरी, राजस्थानी, छत्तीसगढी, मगही सगळं धरलंय, भोजपुरीच पाच कोटींच्या आसपास. मैथिली २००३ पर्यंत अनुसूचीच्या बाहेर होती, मग तिला स्वतंत्र जागा मिळाली. अहिराणीवाल्यांचंही तेच, जनगणनेत ती ‘खानदेशी’ या नावाखाली वेगळी दिसते पण बरेच जण स्वतःच ‘मराठी’ लिहून टाकतात, कारण मराठी लिहिलं की प्रश्न येत नाहीत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलंय, गावागावातले आवाज रेकॉर्ड करून, ते जरूर ऐका. ‘अस्सल मराठी’ नावाची एक गोष्ट आहे हा समज अर्ध्या तासात जातो.

पुण्यात आता मराठी ऐकूच येत नाही, सगळीकडे हिंदी. हा अन्याय नाही का?

आहे आणि नाही. खराडी, वाकड, बाणेरला हे खरंच आहे, आणि मराठी माणूस आपल्याच गावात भाजीवाल्याशी हिंदीत सुरुवात करतो, भाजीवाला जुन्नरचा असतो, दोघं पाच मिनिटं वाईट हिंदीत घासाघीस करतात. हे हिंदीवाल्यांनी लादलेलं नाही, ही आपली सवय आहे.

पण सरकार जेव्हा ठरवतं तेव्हा गोष्ट वेगळी. १६ एप्रिल २०२५ ला राज्य सरकारने पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा सक्तीची केली, भयंकर आरडाओरडा झाला, मग १७ जूनला शब्द मवाळ केले, हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी तर वर्गात वीस मुलं पाहिजेत वगैरे, आणि २९ जूनला दोन्ही जीआर मागे घेऊन नरेंद्र जाधवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. माझा त्या सक्तीला विरोध होता, अजून आहे, कारण सहा वर्षांच्या मुलावर कोणाची भाषा आधी टाकायची हा प्रश्न शिक्षणाचा असायला हवा होता आणि तो दिल्लीकडे तोंड करून सोडवला जात होता.

फक्त त्या रागात भेळवाल्या पोराला कानाखाली मारून ‘मराठीत बोल’ म्हणणं, याला मी भाषाप्रेम म्हणत नाही. तो पोरगा घरी भोजपुरी बोलतो, जी हिंदीच्या खात्यात गडप झालीये, त्याच्या भाषेला ना शाळा ना यादी. ज्याच्याकडे खरी सत्ता आहे, म्हणजे तो बिल्डर जो मराठी माणसाला फ्लॅट विकताना ब्रोशर फक्त इंग्रजीत काढतो, त्याच्या केबिनमध्ये जाऊन कोणी ओरडत नाही. तिथे आपण ‘सर, कार्पेट एरिया किती’ असं विचारतो.

बेळगावात मराठीवर जे होतं ते चालतं का मग?

नाही चालत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, सीमेच्या वादावर महाजन आयोग झाला, २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात आहे. पण मला त्यात दुसरी गोष्ट दिसते. पुण्यात जी मराठी कैकाडी, वडार, भिल्ल पोरांवर शाळेत चढून बसते तीच मराठी बेळगावात सरकारी कागद आपल्या भाषेत मिळावा म्हणून अर्ज करत असते. भाषा तीच, माणसंही एकाच घरातली असतील, सीमा ओलांडली की दादागिरी करणारे आणि सोसणारे यांची अदलाबदल. पाट्यांचंही तसंच, आपल्याकडे २०२२ ला कायदा बदलून देवनागरी मराठी अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान नकोत असं केलं, कर्नाटकाने २०२४ ला ६० टक्के कन्नड केलं. ज्याला एक बरोबर वाटतं त्याला दुसरं जुलूम वाटतं.

मुलाला इंग्लिश मीडियमला घालू की मराठी?

शिक्षणशास्त्राचं उत्तर सोपं आहे, लहान मूल घरच्या भाषेत लवकर आणि पक्कं शिकतं, घटनेचं कलम ३५०अ सुद्धा भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करा म्हणून राज्यांना सांगतं. पण आईबाप शिक्षणशास्त्र वाचून ॲडमिशन घेत नाहीत, नोकरी कुठल्या भाषेत मिळते ते बघून घेतात, आणि त्यात त्यांची चूक नाही.

मला राग येतो तो ‘मराठी शाळा वाचवा’ म्हणणाऱ्या पण स्वतःची पोरं इंग्लिश मीडियमला असलेल्या माणसांचा. धुणंभांडी करणारी बाई पोटाला चिमटा काढून पोराला इंग्लिश मीडियमला घालते तेव्हा तिला मराठीचा अभिमान शिकवू नका. सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ साली छापलेल्या कवितांत इंग्रजीला माउली म्हटलंय, कारण संस्कृतची आणि पोथीची दारं ज्यांना बंद होती त्यांना ही नवी भाषा जात विचारत नव्हती. आता ती फी विचारते, हा भाग वेगळा.

एक प्रयोग सांगते. १९६० च्या सुमारास मॉन्ट्रियलमध्ये वॉलेस लँबर्ट आणि सहकाऱ्यांनी दोन्ही भाषा सफाईने बोलणाऱ्या लोकांकडून एकच मजकूर एकदा इंग्रजीत, एकदा फ्रेंचमध्ये वाचून घेतला आणि ऐकणाऱ्यांना सांगितलंच नाही की आवाज तेच आहेत. इंग्रजीतला आवाज लोकांना जास्त हुशार वाटला, जास्त देखणा वाटला, चक्क जास्त उंच वाटला. आणि हे फ्रेंच बोलणाऱ्यांनी सुद्धा म्हटलं, स्वतःच्याच भाषेबद्दल. पुण्याच्या कुठल्याही प्ले ग्रुपच्या दारात उभे राहा, हा प्रयोग रोज फुकट चालू असतो. तर माझं उत्तर असं की मीडियम तुमच्या परिस्थितीने ठरवा, पण इंग्लिश मीडियम घेतलं तर घरी मराठीतच बोला, पुस्तकं वाचून दाखवा. घरात मोडकं इंग्रजी आणि बाहेर मोडकं मराठी, असं मूल दोन्हीकडून मार खातं.

कोर्टात, बँकेत, सरकारी ऑफिसात मला माझ्या भाषेत बोलायचा हक्क आहे का?

बराच आहे, वापरत नाही आपण. घटनेचं कलम ३५० म्हणतं की तक्रारीचा अर्ज केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे, तिथे वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो, म्हणजे मराठी अर्ज ‘इंग्लिशमध्ये लिहून आणा’ म्हणून परत करता येत नाही. बँकेचे फॉर्म, काउंटरवरच्या पाट्या मराठीतही असायला हव्यात असं रिझर्व्ह बँकेचंच सांगणं आहे. जिल्हा कोर्टात मराठी चालते. हायकोर्टात कलम ३४८ मुळे इंग्रजी, तिथे मात्र आपली केस आपल्यालाच कळत नाही, वकील बाहेर येऊन सांगेल ते खरं. फौजदारी खटल्यात साक्ष आरोपीला न कळणाऱ्या भाषेत झाली तर ती त्याला कळेल अशा भाषेत समजावून सांगावी लागते, हा कायदा आहे. पण कोरकू किंवा पारधी बोलणारा दुभाषी शोधायला किती जण उठतात ते कोर्टात काम करणाऱ्यांना विचारा.

सरकारी मराठी इतकी अगम्य का असते? ‘अनुज्ञप्ती’ म्हणजे लायसन्स हे कोणाला कळणार?

कारण आपली भाषा स्वच्छ करायची हौस आपल्याला जुनी आहे. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना पर्याय म्हणून राज्यव्यवहारकोश करून घेतला, १६७७ च्या सुमारास, तेव्हा त्याला कारण होतं, सत्ता बदलली हे कागदावर दिसायला हवं होतं. तरी ‘अर्ज, वकील, जमीन, तारीख, सरकार’ काही गेले नाहीत. १९६० ला महाराष्ट्र झाल्यावर भाषा संचालनालय आलं, १९६४ ला राजभाषा अधिनियम, आणि इंग्रजी जाऊन मराठी यायला हवी होती तिथे आली संस्कृत. पूर्वी शेतकऱ्याला साहेबाचं इंग्रजी कळत नव्हतं, आता साहेबाचं मराठी कळत नाही, तलाठ्याकडे जाऊन विचारावं लागतं ते लागतंच. ज्याला कागद वाचून दाखवायचे पैसे मिळतात त्याला सोपी भाषा का आवडेल?

आमच्या घरी कैकाडी बोलतात, शाळेत मराठी, कॉलेजात इंग्लिश. माझी मातृभाषा काय लिहू?

कैकाडी लिहा. ती द्रविड कुळातली आहे, तमिळशी नातं सांगणारी, वडारांची बोली तशीच तेलुगूच्या घरातली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या जमातींवर शिक्का मारला त्यांची बोली पोलिसांना ‘चोरांची गुप्त भाषा’ वाटायची, म्हणून कित्येक घरांत पोरांना बाहेर ती बोलू नका असं शिकवलं गेलं. १९५२ ला शिक्का पुसला, सवय राहिली. आमच्या एका विद्यार्थिनीने वर्गात पहिल्यांदा दोन वाक्यं बोलून दाखवली तेव्हा बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि ती वैतागून म्हणाली की मी सर्कस नाहीये. बरोबर होतं तिचं.

सिंधी घरांचं वेगळं. फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात आलेल्यांची भाषा १९६७ ला अनुसूचीत आली पण तिला भारतात राज्य नाही, त्यामुळे नातवंडं हिंदी-मराठी बोलतात. दखनी बोलणारी पुण्याची मुसलमान कुटुंबं कागदावर ‘उर्दू’ लिहितात, आणि शुद्ध उर्दूवाले त्यांना हसतात. म्हणजे सदाशिव पेठ प्रत्येक भाषेला एकेक असते.

मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आता काय बदलेल?

३ ऑक्टोबर २०२४ ला मिळाला, पाली, प्राकृत, असमिया, बंगालीबरोबर. अभ्यासाला पैसे, पुरस्कार, विद्यापीठात अध्यासनं वगैरे. बीडच्या त्या मुलाच्या मॉक इंटरव्ह्यूत काही बदलणार नाही.

जगात आणखी कुठे असं झालंय?

कुठे नाही झालं? पाकिस्तानात एकटी उर्दू राज्यभाषा करायला बंगाली विद्यार्थ्यांनी विरोध केला, ढाक्यात २१ फेब्रुवारी १९५२ ला त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, वीस वर्षांच्या आत बांगलादेश हा वेगळा देशच झाला. श्रीलंकेने १९५६ ला फक्त सिंहली राजभाषा केली, तमिळ नोकरदार एका कायद्याने आपल्याच देशात अडाणी ठरले, पुढचं माहीत आहे. दक्षिण आफ्रिकेत सोवेटोला १६ जून १९७६ ला शाळकरी मुलं आफ्रिकान्स भाषेत शिकायच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर आली आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. आपल्याकडेही संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभरावर माणसं गेली, हुतात्मा चौकात नावं आहेत.

मुलगी आजीशी मराठीत बोलायला लाजते, इंग्लिशमध्येच उत्तर देते. काय करू?

ती लाजत नाहीये, तिने घरातली सत्ता ओळखलीये. पाहुणे आले की ‘बेटा, अंकलना पोएम म्हणून दाखव’ हे आपणच करतो, मराठी गोष्ट सांगितली म्हणून कोणी टाळ्या वाजवल्या का? मूल बघतं, आईबाबा महत्त्वाचं भांडण इंग्लिशमध्ये करतात, मोठ्या दुकानात इंग्लिश बोलतात आणि मराठी फक्त ‘जेवून घे, पसारा आवर’ एवढ्यालाच उरते. तर मराठीला कामं द्या. मंडईत घासाघीस तिला करू द्या, रिक्षावाल्याला पत्ता तिने सांगू दे, आजीच्या औषधांचं दुकानदाराला तिने विचारू दे. पैशाच्या, ट्रिपच्या, मोठ्यांच्या गोष्टी तिच्यादेखत मराठीत बोला. शब्द अडला आणि मध्येच इंग्लिश घुसलं तर टोकू नका, येऊ दे.

आणि आजी जर साताऱ्याकडच्या असतील आणि ‘म्या सांगितलं व्हतं’ म्हणत असतील, तर नातीसमोर ‘अहो आई, होतं म्हणा, होतं’ हे आजपासून बंद करा, आधी ते.